विंगेतले देवरुखकर

सौदी अरेबियात रास तनुरापासून खोबरपर्यंतच्या मराठी मंडळींनी गेल्या तीसेक वर्षांत जेवढी म्हणून नाटकं पाहिली, ती सगळी आधी विजय देवरुखकरांच्या तोंडून बाहेर पडली आणि मग नटांच्या. टाळ्या अर्थातच नटांना. देवरुखकर प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीत, एक पाय स्टुलावर आणि हातात संहिता अशा अवस्थेत त्यांनी राजे, सासरे, खुनी, प्रियकर आणि दोन-तीन विधवासुद्धा निभावून नेल्या. प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना त्यांचा चेहरा ओळखता येणार नाही.

पोटापाण्याला ते रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. कुठल्या पाइपातला दाब आणि कुठल्या टाकीतलं तापमान काट्यावर बरोबर दिसतंय की नाही, हे बघायचं काम. तिथे बोलावं कमी लागतं म्हणून ते त्यांना आवडतं. कारण देवरुखकरांची जीभ अडते. लहानपणापासून अडते. क, द आणि म ही अक्षरं तर जन्माची वैरी. आता आडनावच ‘द’पासून सुरू होतं, त्याला कोण काय करणार! शाळेत हजेरीला ते ‘हजर’ म्हणेपर्यंत मास्तर पुढच्या तीन पोरांपर्यंत पोचलेले असायचे आणि हा मुलगा डोळ्यांसमोर बसून गैरहजर लागायचा.

पण हाच माणूस कुजबुजायला लागला की ऐकत राहावं. एक अक्षर अडत नाही. लांबलचक स्वगतं असोत की नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण, कुजबुजीत सगळं सुरळीत बाहेर येतं. डॉक्टर मंडळी याची काही कारणं सांगतात, ती खरीही असतील. पण ही गोष्ट पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आली ते डॉक्टर नव्हते. ते तांदळाचे व्यापारी होते, आणि त्यांचं नाव कादिर सोलकर.

कादिरशेठ जयगडच्या खाडीकाठचे. दम्मामच्या बंदरावर पोत्यांचा हिशेब ठेवायला म्हणून आले आणि बघता बघता त्याच बंदरावर त्यांचा माल उतरायला लागला. तांदूळ, मसूर, गोठवलेलं मटण, मग शीतगृहं, मग मोठमोठ्या कामगार छावण्यांची जेवणं. रियाधच्या ओलाया भागातल्या बँकांचे साहेब त्यांना भेटायला खाली लिफ्टपर्यंत यायचे. त्यांचे सौदी भागीदार अबू फहद हसत सांगायचे, कागद अडला तर माझ्याकडे या, माणूस अडला तर कादिरकडे जा. एवढं सगळं असून शेठ स्वतः शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून गोदामात फिरायचे, आणि नव्या हमालाने त्यांनाच ‘ओ चाचा, ज़रा हटो’ म्हटलं की बाजूला व्हायचे.

या माणसाला वेड एकच होतं, नाटकाचं. आणि आला कुठे, तर जिथे थिएटर नव्हतं, सिनेमा नव्हता, चार माणसं जमवायची तर दहादा विचार करावा लागायचा अशा ठिकाणी. दुसरा असता तर वर्षातून एकदा गावी जाऊन हौस भागवून आला असता. शेठनी गोदामाच्या मागचा भाग मोकळा केला, तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या लावून वर फळ्या टाकल्या आणि रंगमंच उभा केला. नाटक म्हणायचं नाही, एवढाच नियम. म्हणायचं वाढदिवस.

“शुक्रवारी वाढदिवसाला येताय ना?” असा फोन आला की लोक समजायचे. मग कुणी धाहरानच्या कंपनी-वसाहतीतून, कुणी जुबैलहून, बायकामुलांना गाडीत घालून यायचे. केक खरा असायचा, मेणबत्त्या खऱ्या असायच्या. सगळे टाळ्या वाजवून गाणं म्हणायचे, केक कापला जायचा आणि मग तिसरी घंटा. वाढदिवस कोणाचा हे नाव शेठ दरवेळी जाहीर करायचे. बऱ्याचदा स्वतःचंच. आता या देशात थिएटरं झाली, परवाने मिळतात, तिकिटं मोबाइलवर येतात, तरी खोबरच्या मराठी मंडळाचं नाटक केक कापल्याशिवाय सुरू होत नाही. नव्याने आलेल्यांना वाटतं, मराठी लोकांची ही काहीतरी जुनी परंपरा असावी.

तर अशा एका शुक्रवारी तालीम चालली होती आणि पोत्यांच्या पलीकडे देवरुखकर शीतगृहाचं तापमानयंत्र उघडून बसले होते. तेव्हा ते पंचविशीतले, एका कंत्राटदाराकडे कामाला, येऊन वर्षही झालं नव्हतं. फार्स होता, गावी पाहून पाहून देवरुखकरांना पाठ झालेला. नायक ‘मग ही छत्री कोणाची?’ या वाक्यापर्यंत यायचा आणि पुढचं विसरायचा. तिसऱ्यांदा अडला तेव्हा देवरुखकरांना राहवेना. त्यांनी पोत्यांच्या फटीला तोंड लावून पुढचं वाक्य दिलं. नायक ते वाक्य घेऊन धडाधड पुढे निघाला. शेठ मात्र उठून पोत्यांच्या मागे आले.

“कोण रे तू?”

झालं. देवरुखकर उभे राहिले आणि ‘द’वर अडकले. अशा वेळी माणसं काय करतात हे त्यांना पाठ होतं. कोणी हसतं, कोणी दुसरीकडे बघतं, आणि कनवाळू असतात ते आपल्या मनचाच शब्द पुढे करतात. शेठनी यातलं काही केलं नाही. ते पोत्यावर टेकले, चष्मा काढून पुसायला लागले.

“बोल, बोल. मला काय जहाज पकडायचं हाय?”

बाहेर तीन ट्रक त्यांच्या सहीसाठी थांबले होते. देवरुखकरांनी आपलं संपूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. शेठ म्हणाले, “विजू, मघाशी पोत्यातनं बोललास तेव्हा अडला नाय तू. पुढच्या शुक्रवारी ये. यंत्र बिघडलेलं असो नायतर नसो.”

त्या शुक्रवारपासून देवरुखकर विंगेत उभे राहिले ते राहिलेच.

मध्ये किती काय झालं! देवरुखकरांचं लग्न झालं, सुहासिनीबाई आल्या, खोबरच्या एका हॉस्पिटलात सिस्टर म्हणून लागल्या. मुलं इथल्याच भारतीय शाळेत शिकली, आईला इंग्रजीत उत्तरं देऊन मोठी झाली आणि कॅनडाला गेली. शेठचा पसारा वाढून रियाधला गेला. पण नाटकाला शेठ आणि विंगेत विजू, यात फरक पडला नाही. आणि मग गेल्या हिवाळ्यात कादिरशेठ गेले. झोपेतच गेले. दम्मामच्या कब्रस्तानात, इथल्या रीतीप्रमाणे, नावाच्या दगडाशिवाय त्यांना माती दिली. देवरुखकर माती देऊन बाजूला झाले आणि दोन मिनिटांत त्यांना त्या ओळीतली नेमकी जागा ओळखू येईना. हयातभर ज्यांनी एकाही फलकावर आपलं नाव लावू दिलं नाही त्यांच्यापाशी ते तसेच उभे राहिले.

मंडळाने शोकसभा घ्यायचं ठरवलं, पण हफीजाभाभींची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरातच राहायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर. शेठच्या सभेला त्यांची बायकोच नसेल तर ती सभा कसली. तोवर मंडळाच्या सेक्रेटरी डॉक्टर स्मृती देवरुखकरांच्या घरी आल्या. दम्मामच्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या डॉक्टर, वयाने तरुण, कामाला वाघीण.

“काका, शेठना सगळ्यात जुने ओळखणारे तुम्हीच. तुम्ही पाच मिनिटं बोला.”

देवरुखकरांनी हात जोडले. स्मृतीला त्यांचं अडखळणं माहीत होतं, तिने आग्रह केला नाही. ती गेल्यावर सुहासिनीबाईंनी चहाचे कप उचलता उचलता विचारलं, “अहो, मग ती गोष्ट कोण सांगणार?”

ती गोष्ट म्हणजे देवरुखकरांची आई गेली त्या दिवसाची. त्या दिवशी शेठनी काय केलं आणि नंतर काय केलं, हे सुहासिनीबाई सोडल्या तर कुणालाच माहीत नव्हतं. कारण देवरुखकरांनीच शेठकडून शब्द घेतला होता, कोणाला सांगू नका. सांत्वनाला माणसं आली असती, त्यांच्याशी बोलावं लागलं असतं, आणि दुःखाच्या वेळी लोकांसमोर जीभ अडलेली त्यांना सोसली नसती. शेठनी शब्द पाळला, इतका की स्वतः देवरुखकरांजवळही पुन्हा विषय काढला नाही. आता ते गेले होते. सभेत नाही सांगितली तर ती गोष्ट आपल्याबरोबर जाणार, आणि कादिर सोलकर काय माणूस होता हे लोकांना कळायचं राहून जाणार, याने देवरुखकरांचा जीव खालीवर होत होता.

प्रयत्न त्यांनी केला. रिफायनरीजवळच्या रहीमाहून खोबरला येता-जाता, गाडीच्या काचा वर करून ते मोठ्याने बोलून बघायचे. ‘माझी आई’ एवढ्याच दोन शब्दांचं काम होतं, पुढचं आलं असतं. पण ‘म’ फुटायचा नाही. शेजारच्या गाडीतला एक सौदी पोरगा सिग्नलला त्यांच्याकडे बघून हसला, तेव्हा त्यांनी नाद सोडला. सुहासिनीबाई म्हणाल्या, “मी सांगू का?” तेही त्यांना पटेना. गोष्ट आपली, ऋण आपलं, आणि सांगायला बायकोला पुढे करायचं!

सभेच्या दिवशी खोबरच्या एका शाळेचं सभागृह गच्च भरलं. सुहासिनीबाई पाचव्या रांगेत बसल्या. देवरुखकर मात्र सवयीने सरळ डाव्या विंगेत जाऊन उभे राहिले. स्मृती म्हणाली, “काका, आज नाटक नाहीये, तुम्ही पुढे बसा ना.” ते नुसते हसले. प्रेक्षागृहात बसलं की त्यांना आपण चुकीच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

भाषणं झाली. अबू फहदांचा मुलगा अरबीत बोलला, वकिलातीचे एक अधिकारी हिंदीत बोलले, कंपनीचे मॅनेजर इंग्रजीत बोलले. किती शीतगृहं, किती छावण्या, किती देशांशी व्यापार. सगळं खरं होतं. तरी देवरुखकरांना विंगेत चुळबुळ होत होती, कारण त्यात शेठ कुठेच भेटत नव्हते.

शेवटी तस्नीम उभी राहिली. शेठची धाकटी. रियाधला, ओलायातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. जन्म इथला, शाळा इंग्रजी, मराठी घरात ऐकलेली तेवढीच. हातात कागद नाही, फोन नाही. माइकसमोर येऊन म्हणाली, “मी मराठीत बोलणार आहे. अब्बांसाठी.” टाळ्या पडल्या. “माझे अब्बा... खूप चांगले होते. माझे अब्बा...” आणि पोर थांबली.

जो तीस वर्षं विंगेत उभा राहिला आहे त्याला नट अडणार हे नटाच्या आधी कळतं. श्वास वर जातो, खांदे उचलले जातात आणि नजर कुठे टेकवावी ते कळेनासं होतं. शब्द त्या क्षणी द्यायचा असतो. देवरुखकरांच्या हातात संहिता नव्हती. कोणी लिहिलेलंच नव्हतं तर असणार कुठून! पण तोंडाने वाट पाहिली नाही.

“माझ्या अब्बांचा वाढदिवस,” ते कुजबुजले, “वर्षातून तीनदा यायचा.”

तस्नीमने चमकून विंगेकडे पाहिलं. मग माइककडे तोंड केलं. “माझ्या अब्बांचा वाढदिवस वर्षातून तीनदा यायचा.”

सभागृहात हशा पिकला. जुन्या माणसांनी एकमेकांच्या मांडीवर थापा मारल्या. आणि मग ते सुरू झालं. देवरुखकर एकेक वाक्य द्यायचे, तस्नीम ते उचलायची. सुरुवातीला भीत भीत, मग खुलून. पोत्यांचा रंगमंच आला. एका नाटकात उंदरांनी खालचं पोतं कुरतडलं आणि राजाचं सिंहासन हळूहळू तिरकं होत गेलं, तरी राजाने तोल सांभाळत न्याय दिला, ते आलं. कोकणातलं नमन-खेळ्यांचं एक पथक शेठनी शीतगृहाचे मदतनीस म्हणून व्हिसा काढून आणलं, ते आलं. त्या खेळ्यांनी तीन महिने उणे तापमानात खरोखरच मटणाच्या पेट्या उचलल्या, कारण शेठ म्हणाले, कागदावर लिहिलंय ते खोटं नको व्हायला, दिवसा पेट्या उचला, शुक्रवारी नाचा. आणि परत जाताना प्रत्येकाच्या गावात वाद्यं ठेवायला पक्की खोली बांधून दिली. रत्नागिरीतली चित्रकलेची पोरं, ज्यांना फी कोण भरतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, तीही आली. 

तस्नीम बोलत होती आणि बोलता बोलता ऐकतही होती, कारण यातलं बरंचसं तिला ठाऊकच नव्हतं. एखादं वाक्य घेताना तिचे डोळे मोठे व्हायचे, तोंडातून मात्र ते बिनचूक जायचं. देवरुखकरांना आपण काय करतोय याचं भान उरलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांची लिहिलेली वाक्यं दिली होती. आज मनातली वाक्यं बाहेर पडत होती आणि एकही अडत नव्हतं.

प्रॉम्प्टिंगचा पहिला धडा असा की वाक्यात भाव घालायचा नाही. सपाट द्यायचं, भाव नटाचा. आणि दुसरा त्याहून मोठा धडा, वाक्य कोणाचं आहे ते क्षणभरही विसरायचं नाही. नव्या पोरांना देवरुखकर हेच शिकवतात. त्या दिवशी ते स्वतःच विसरले.

“माझी आई गेली,” ते कुजबुजले, आणि आवाज कापला, “त्या दिवशी...”

“माझी आई गेली त्या दिवशी,” तस्नीमने खणखणीत आवाजात म्हटलं.

पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, पांढरी ओढणी घेऊन हफीजाभाभी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“अगो तस्नीम, मी हितं बसलेय ना! मला कधी पोचवलीस?”

चारशे माणसं हसली. शोकसभेत हसू नये म्हणून तोंडावर रुमाल धरून हसली, मग रुमाल सोडून हसली. तस्नीमही हसत होती, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं. ती माइक सोडून विंगेत आली. देवरुखकर भिंतीला चिकटून उभे होते. 

“काका,” ती म्हणाली, “धिस इज नॉट माय लाइन. ही तुमची आहे. चला.”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. तिने हात धरला. बापासारखीच पकड होती तिची, धरला की सोडायचा नाही. देवरुखकर प्रकाशात आले. रंगमंचावर सेट लावताना, खुर्च्या उचलताना ते हजारदा आले असतील, पण समोर माणसं असताना कधीच नाही. इतकी तोंडं आपल्याकडे वळलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. 

“म...” आणि ‘म’ अडला.

ओठ मिटलेले, मान ताठ, गळ्याची शीर फुगलेली. दुसऱ्या रांगेतून कोणीतरी न राहवून पुटपुटलं, “माझी.” मागून आणखी एकाने मोठ्याने दिलं, “माझी आई!” भली माणसं होती. पण देवरुखकरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. उभा जन्म लोकांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला आज कोणाचा शब्द नको होता. हफीजाभाभींनी वळून मागच्यांना दटावलं, “गप ऱ्हावा रे. त्याचं त्याला बोलू द्या.”

त्यांनी जे सांगितलं ते अडखळण्यासकट लिहायचं म्हटलं तर पानं पुरणार नाहीत. सांगितलं ते असं.

ईदची सुट्टी होती. सुट्टीत वाढदिवस ठेवला होता, म्हणजे नाटक, आणि नाटक म्हणजे तोच छत्रीचा फार्स. दुपारी देवरुखहून फोन आला की आई गेली. पासपोर्ट कंत्राटदाराकडे, कंत्राटदार कुलूप लावून गावी, एक्झिटचा शिक्का मारणारी कचेरी बंद. ईद संपेपर्यंत या देशातून हलायची सोय नव्हती. कॅम्पच्या खोलीत बसवेना म्हणून देवरुखकर गोदामात आले आणि विंगेत उभे राहिले. पडदा उघडला, लोक हसायला लागले. थोड्या वेळाने शेठ कशासाठी तरी विंगेत डोकावले आणि त्यांना दिसलं की संहितेवर धरलेली बॅटरी थरथरतेय. त्यांनी हातानेच विचारलं, काय? दोन वाक्यांच्या मधल्या जागेत देवरुखकर कुजबुजले, “आई गेली.” आणि पुढचं विनोदी वाक्य दिलं.

शेठ बाहेर गेले, अबू फहदांना फोन लावला, आणखी दोन ठिकाणी लावले. ज्यांच्या एका शब्दावर बंदरात जहाजं वळायची त्यांचं त्या दिवशी कुठेच काही चाललं नाही. ते परत आले. देवरुखकरांच्या हातातली बॅटरी घेतली, खाली सिमेंटच्या जमिनीवर मांडी घातली, देवरुखकरांनाही खाली बसवलं आणि संहितेवर उजेड धरला. समोर पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी, दोन कंपन्यांचे मोठे साहेब खास त्यांच्या बोलावण्याने आलेले. शेठ उठले नाहीत. नाटक संपेपर्यंत तसेच बसले. पान उलटायची वेळ झाली की उजेड जरा सरकायचा, तेवढीच त्यांची हालचाल. बाहेर लोक पोट धरून हसत होते. पडदा पडल्यावर शेठनी एवढंच विचारलं, “आईचं नाव काय?” देवरुखकर ‘द’वर अडले. शेठ थांबले. नट रंग पुसून घरी गेले तरी थांबले होते. 

“आणि त्याच्या पुढचा वाढदिवस,” देवरुखकर माइकसमोर म्हणाले. इथे त्यांना बराच वेळ लागला. “पुढचा वाढदिवस शेठनी जाहीर केला तो द्वा... द्वारकाबाईंचा. तुमच्यातले किती तरी जण होते. लोकांनी विचारलं, कोण द्वारकाबाई? शेठ म्हणाले, आमच्या एक पाहुण्या. यायच्या राहिल्या. तुम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्यात. गाणं म्हटलंत. माझ्या आईचा वाढदिवस जन्मात कुणी केला नव्हता. तिला तारीखच माहीत नव्हती.”

सभागृहात मागे पांढऱ्या केसांचे काही जण एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना आठवत होतं. पाचव्या रांगेत सुहासिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, त्यांना सगळं ठाऊक असूनही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हफीजाभाभी उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, खुर्चीचा हात धरून उठल्या.

“द्वारका? अरे, तो केक मी केलेला!”

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“मला म्हणाले, केकवर नाव घाल द्वारका. मी विचारलं, कोण ही? तर म्हणाले, पाहुणी हाय. मी म्हटलं, अशी कोण पाहुणी ती जिचा वाढदिवस माझ्या घरवाल्याला पाठ? किती खोदून विचारलं, पण माणूस तोंड उघडेल तर शपथ!” भाभींचा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाय रे विजू. ताट वाढायची नि उठून जायची. खाली मान घालून जेवायचे. इतकी वर्षं गेली, मी अधूनमधून टोचायची, तुमची ती द्वारका कशी हाय म्हणून. नुसते हसायचे. मरेपर्यंत एका शब्दान सांगितलान नाय!”

देवरुखकर रंगमंचाच्या पायऱ्या उतरून भाभींसमोर आले. “भाभी, कोणाला सांगू नका, असा शब्द म... मीच घेतला होता त्यांच्याकडून.”